बंद पडला, म्हणूनच वाचला!

मे महिना लागला की आमच्या नगरात बायकांच्या बोलण्यात दोन विषय हमखास. एक, कुरडया वाळल्या का? आणि दुसरा, आज पारा कितीवर? (कागदोपत्री आमचं गाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण एसटीत तिकीट काढताना अजूनही पटकन ‘नगर’च तोंडातून जातं.) अलीकडे त्यात तिसऱ्या विषयाची भर पडलीय. भिशीला जमलं की कुणीतरी म्हणतंच, ‘‘अगं, आमच्या पोराचा लॅपटॉप सारखा बंद पडतोय. तुमच्याकडे काय हाल?’’ मग एकेक कथा निघते. कुणाचा पाच मिनिटांत बंद पडतो, कुणाचा विमान उडाल्यासारखा आवाज करतो, कुणाच्या मांडीला चटका बसलेला असतो. आणि सगळ्या कथांचा शेवट एकच. ‘‘रात्रंदिवस गेम खेळतो मेला, दुसरं काय होणार!’’

मैत्रिणींनो, या शेवटच्या वाक्याबद्दलच मला बोलायचंय. कारण मागच्या उन्हाळ्यात हेच वाक्य आमच्या घरात आठ दिवस घुमत होतं. फरक एवढाच, की आमच्याकडे ‘मेला’ नव्हता, ‘मेली’ होती.

लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं गेमिंग लॅपटॉपच मागितला, तेव्हाच घरात चर्चा झडली होती. साधा चाळीस हजारांचा पुरे की, मुलीला कशाला हवा गेमिंगचा? पण तिला शिकायचं होतं त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते साध्या लॅपटॉपमध्ये नसतं किंवा असून नसल्यासारखं असतं. शेवटी माझी भिशी लागली, थोडं पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि बहात्तर हजारांचा लॅपटॉप घरात आला. ती त्यावर गेम खेळते का? खेळते. मैत्रिणींबरोबर, कानाला हेडफोन लावून, ओरडून ओरडून खेळते. सासूबाईंना वाटतं ती कुणाशी तरी भांडतेय. पण त्याच लॅपटॉपवर तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही चालला होता. डाळिंबाच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्रॅम. हजारो फोटो मशीनला दाखवून दाखवून शिकवायचं, असं काहीतरी. त्यात लॅपटॉपला तासन् तास दम टाकायला मिळत नाही.

एप्रिल संपत आला आणि लॅपटॉप दगा द्यायला लागला. चालता चालता फट्‌कन बंद. ना सूचना, ना निळा पडदा. पोरीचं तासाभराचं काम पाण्यात. सबमिशनला उरले होते बारा दिवस. आमचे हे तो घेऊन एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं चालू केला, हात लावून बघितला, पाच मिनिटांत निकाल दिला. ‘‘साहेब, मदरबोर्ड गेलाय. अठ्ठावीस हजार. गेम खेळून खेळून जाळलाय पोरांनी.’’ झालं! संध्याकाळी जेवताना लेकीनं मान वर केली नाही. ह्यांचं तेच, सासूबाईंचं तेच. दिरांचा पुण्याहून फोन आला तर त्यांचंही तेच.

मी पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते. तिथं एक सवय लागते. कर्जदार म्हणाला ‘भरले’ आणि शिपाई म्हणाला ‘नाही भरले’, तर दोघांचंही ऐकायचं आणि मग खातेउतारा काढायचा. मी लेकीला म्हटलं, ‘‘अठ्ठावीस हजार बघू नंतर. आधी तू एक दोनशे पानी वही घे.’’

वहीत फक्त चार रकाने आखले. किती वाजता बंद पडला, काय चालू होतं, कुठे ठेवला होता आणि खोलीत किती गरम होतं. चौथ्या रकान्यासाठी घरातलं भिंतीवरचं थर्मामीटर काढून तिच्या खोलीत टांगलं. तिची खोली म्हणजे गच्चीवरची पत्र्याची. अभ्यासाला शांतता हवी म्हणून तिनंच मागून घेतलेली.

सहा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. नऊपैकी पाच वेळा प्रोजेक्ट चालू होता, तीन वेळा गेम आणि एकदा तर नुसती मालिका बघत होती. नऊपैकी आठ वेळा दुपारी बारा ते पाचच्या मध्ये, गच्चीवरच्या खोलीत, थर्मामीटर चाळीस-एकेचाळीसवर. उरलेली एक नोंद रात्री अकराची. ती मालिकेची. तेव्हा लॅपटॉप पलंगावर गादीत रुतवून ठेवलेला. आणि सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे जी झालीच नाही ती! एका रात्री जेवणाच्या टेबलावर, खालच्या खोलीत तिनं मुद्दाम तोच गेम सलग दोन तास खेळून बघितला. एकदाही बंद पडला नाही.

आता सांगा, बोर्ड गेलेला लॅपटॉप दुपारी मरतो आणि रात्री जिवंत होतो का? मी इंजिनिअर नाही, पण एवढं कळतं की दोष बोर्डात आहे की जागेत, हे विचारायला तरी हवं.

या बंद पडण्याचं मर्म मला मिक्सरमुळे कळलं. शेंगदाण्याची चटणी नाहीतर काळा मसाला वाटताना मिक्सर मध्येच थांबतो. आपण काय करतो? ‘जळला’ म्हणून नवा आणत नाही. उलटा करतो, बुडाशी असलेलं लाल बटण दाबतो, जरा थंड होऊ देतो आणि पुन्हा वाटतो. ते बटण म्हणजे मोटर जळू नये म्हणून ठेवलेला राखणदार. लॅपटॉपच्या मुख्य चिपमध्येही असाच राखणदार बसवलेला असतो. बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअस, म्हणजे पाणी उकळतं त्याच्या आसपास. तिथपर्यंत पारा गेला की चिप आधी आपणहून हळू चालायला लागते. गेम अडखळतो, चित्र तुटक दिसतं, तो हाच टप्पा. तेवढ्यानंही भागलं नाही तर सगळं बंद करून टाकते.

हा राखणदार पूर्वी सगळ्यांकडे नव्हता. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या कॉम्प्युटरचं परीक्षण करणाऱ्या मंडळींनी चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक पंख्यासकट चक्क उपटून काढला आणि त्याचं चित्रीकरण केलं. इंटेलचा पेंटियम ४ हळू झाला, पण चालत राहिला. एएमडीच्या त्या वेळच्या अ‍ॅथलॉन चिपमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. त्यावर जगभर गहजब झाला. आता सगळ्याच कंपन्यांच्या चिपमध्ये हा बंदोबस्त असतो. म्हणून ‘बंद पडला’ ही वाईट बातमी असली, तरी ‘जळला’पेक्षा पुष्कळ बरी. मात्र राखणदार रोज शिट्टी वाजवत असेल तर चोर कुठून येतो ते बघायलाच हवं. रोज शंभर अंशांना भिडणारं मशीन आज ना उद्या खरोखरच नादुरुस्त होतं.

गेमिंग लॅपटॉप एवढा तापतो तरी का? लेकीनं मला हिशेब करून दाखवला. गेम चालू असताना तो दीडशे ते दोनशे वॉट वीज सहज खातो. म्हणजे आपल्या लहानपणीचे शंभर वॉटचे दोन पिवळे बल्ब शाळेच्या वहीएवढ्या जाड डबीत कोंबून पेटवले तर काय होईल, तेच. ही उष्णता बाहेर काढायला आत तांब्याच्या चपट्या नळ्या असतात. त्या नळीत अगदी थोडंसं पाणी भरलेलं असतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाते, तिथं बारीक पत्र्यांच्या जाळीत थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून मागे झिरपते. पंखे खालच्या झरोक्यांतून हवा ओढतात आणि त्या जाळीतून बाहेर फेकतात. मला तर हे वाचून आमच्या फराहबागेची आठवण झाली. सोळाव्या शतकात निजामशाहीत बांधलेला तो महाल तळ्याच्या मधोमध उभा केला होता. चहूकडे पाणी, मधे उंच दालन. उन्हाळ्यावर पाण्याचा आणि हवेचा उतारा नगरला तेव्हापासून ठाऊक आहे म्हणायचा!

तेव्हा घरच्या घरी काय तपासता येतं? पहिलं म्हणजे हात. लॅपटॉप जोरात चालू असताना जिथून गरम हवा बाहेर येते तिथं हात धरायचा. हे तोंड बहुधा मागे किंवा बाजूला असतं. पंखा जोरात ओरडतोय आणि हवाही जोरात येतेय, तर आतली वाट मोकळी आहे. पंखा ओरडतोय पण हवा मेल्यासारखी येतेय, म्हणजे जाळीत कचरा अडकलाय. लॅपटॉप भाजतोय आणि पंख्याचा आवाजच नाही, तर पंखा गेलाय. आणि पंखा खरखर वाजत असेल तर तो जायच्या वाटेवर आहे. आमचा होता दुसऱ्या प्रकारातला. ओरडा मोठा, वारा नाही.

दुसरं म्हणजे आकडा. चिपचं तापमान दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, लेकीनं ‘एचडब्ल्यूइन्फो’ नावाचा घेतला. गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर खेळताना ८०-९० अंशांवर गेला तर घाबरायचं कारण नाही, ते त्यांच्याकडे चालतं. सतत ९५च्या वर राहत असेल तर मात्र इलाज हवा. आमचा गच्चीवर सहा मिनिटांत ९९वर जाऊन बसत होता. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडली. ती बघून लेकीच्या मित्रानं फोनवर सांगितलं, बघ, पॉवरचा लोचा आहे. पण तसं नाही. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट ‘शट डाउन’ न होता बंद पडलं. का बंद पडलं ते ती सांगत नाही. वहीतला रकानाच शेवटी जास्त उपयोगी पडला.

आता खरं काम, उघडण्याचं. इथं एक गोष्ट आधी. वॉरंटी शिल्लक असेल तर लॅपटॉप घरी उघडू नका, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच न्या. आमची वॉरंटी कधीच संपली होती. तरीही मी म्हटलं पहिल्यांदा जाणत्या हातानं उघडूया, आपण शेजारी बसून बघूया. चौकशी करून दुसरं दुकान शोधलं. जिन्याखालची छोटीशी जागा. तिथं दुरुस्तीला बसली होती पाथर्डीकडची एक मुलगी, आयटीआय केलेली, वयानं आमच्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. तिनं वही मागून घेतली आणि आधी ती वाचली! मग म्हणाली, ‘‘काकू, बोर्डाचं नंतर बघू. आधी साफ करते, पेस्ट बदलते. हजार रुपये होतील. त्यानं नाही भागलं तर पुढचं बोलू.’’ आणि डोळ्यांसमोर उघडायला तयार झाली. मला तिथंच निम्मं हुश्श वाटलं.

उघडण्याआधी तिनं लेकीला प्रोजेक्टची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावली. मग वायर काढली, लॅपटॉप पूर्ण बंद केला, खालचं झाकण उघडलं आणि लगेच आतली बॅटरीची जोडणी सोडवली. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर थेट बोर्डात घुसतो. तिच्याकडे त्यासाठी काय होतं माहितीय? मसाल्याचा स्टीलचा गोल डबा! मोहरीच्या वाटीत मागचे स्क्रू, हळदीच्या वाटीत मधले, जिऱ्याच्या वाटीत पंख्याचे.

आणि पंखा काढल्यावर जे दिसलं, ते बघून लेक आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधोमध राखाडी-काळा नमदा बसलेला. धूळ नव्हे, चक्क नमदा! चिमट्यानं धरला तर अख्खी पट्टी निघून आली. त्यात केस होते, गोधडीचा कापूस होता आणि एक काळी, चिकट भुकटी होती. ती मुलगी हसली. म्हणाली, ‘‘कारखान्याच्या बाजूला राहता का?’’ आम्ही नाही राहत, पण लेकीची होस्टेलची तीन वर्षं साखर कारखान्याच्या पट्ट्यात गेली. नगर जिल्ह्यातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. गळिताचा हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर जी काजळी पडते, ती खिडकीतून टेबलावर येते आणि टेबलावरून पंखा तिला आत ओढून घेतो. त्याउपर आपली कोरडी हवा आणि रस्त्यांची धूळ आहेच. फ्रीजच्या मागची जाळी आपण दिवाळीला साफ करतो. ही आतली जाळी कुणालाच दिसत नाही, म्हणून राहून जाते.

साफ करतानाची एक युक्ती तिनं दाखवली. पंख्याच्या पात्यांत दातकोरणी अडकवून पंखा धरून ठेवायचा आणि मगच डब्यातल्या हवेचे छोटे छोटे फवारे मारायचे. नाहीतर फवाऱ्यानं पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण उडतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्यातून स्थिर वीज उतरून नाजूक भाग जाऊ शकतात.

मग पेस्ट. चिप आणि तांब्याचा पत्रा एकमेकांवर घट्ट बसवले तरी दोघांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतातच. तव्याचं बूड वाकलं की पोळी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते ना, तसं. खळग्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता पुढे सरकत नाही. म्हणून मधे एक करडी पेस्ट लावतात. आमची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखानं खरवडली तर भुकटी पडली. दोन-तीन वर्षांनी असं होतंच, त्यात कुणाचा दोष नाही. तिनं औषधी अल्कोहोलनं चिप आरशासारखी पुसली आणि चिप पुरती झाकेल एवढीच नवी पेस्ट लावली. जास्त लावली तर बाजूला सांडते. काही महाग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी पाऱ्यासारखा पातळ धातू असतो. तो वीज वाहून नेतो, बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतं, तेव्हा अशा मशीनला घरगुती हात लावूच नये असं तिनं लेकीला दोनदा बजावलं.

तासाभराचं काम. हजार रुपये. घरी येऊन त्याच गच्चीवर, त्याच दुपारी, तोच प्रोजेक्ट लावला. ९९चा आकडा ९१वर आला. रात्री खालच्या खोलीत ८३. बंद पडला नाही.

पण ९१ काही मला पटेना. तेव्हा लेकीनं लॅपटॉपसोबत आलेलं माहितीपत्रक काढलं. त्यात स्पष्ट छापलंय की वापरण्याचं वातावरण ५ ते ३५ अंश. बहुतेक कंपन्या हेच आकडे देतात. आता सांगा, मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीत पस्तीस अंश कुठून आणायचे? खोली जितके अंश जास्त गरम, साधारण तितकेच अंश चिपही जास्त गरम. पंखा शेवटी खोलीतलीच हवा आत घेणार. म्हणून उन्हाळाभर लेकीचं दुपारचं टेबल खाली आलं आणि प्रोजेक्टचं जड काम रात्री दहानंतर सुरू व्हायला लागलं. सासूबाईंच्या मते मुलीनं रात्रभर मशीन चालू ठेवणं हे काही ठीक नाही, पण वही त्यांनाही दाखवली होती. दुपारच्या आठ नोंदी त्यांनी बोट ठेवून मोजल्या. गेमच्या तीनच निघाल्या, तेव्हा ‘‘मग त्या पुण्यावाल्याला सांगा की,’’ एवढंच म्हणाल्या.

गादी, उशी, दुलई, गोधडी यांच्यावर लॅपटॉप ठेवणं मात्र आमच्याकडे आता पूर्ण बंद. हवा घ्यायचे झरोके खाली असतात, गादीत रुतले की त्याचं नाक दाबलं जातं. पलंगावरच बसायचं असेल तर खाली पाट घ्या. जेवायला बसायचा आपला लाकडी पाट! सपाट, टणक, फुकट. मागच्या दोन पायांखाली दोन खोडरबर ठेवून लॅपटॉप बोटभर उचलला तर आणखी दोन-चार अंश उतरतात, आमच्याकडे तरी उतरले. बाजारात पंखेवाले स्टँड मिळतात. आत जाळी तुंबलेली असेल तर त्यांचा काही उपयोग नाही, साफसफाई झाल्यावर घेतलात तर थोडीफार मदत होते.

सेटिंगमध्येही एक-दोन सोपे उपाय आहेत. विंडोजच्या पॉवरच्या पर्यायांत ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ शंभरावरून नव्व्याण्णव केलं, तर अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची जादा उडी, म्हणजे टर्बो, बंद होते. वेग थोडा उतरतो, उष्णता बरीच उतरते. गेममध्ये दर सेकंदाला किती चित्रं दाखवायची याला साठची मर्यादा घालता येते. डोळ्यांना फारसा फरक कळत नाही, असं लेक म्हणते. मला तर आधीच्या एकशे वीसमध्येही काही कळत नव्हतं.

प्रत्येक बंद पडणारा लॅपटॉप तापूनच बंद पडतो असंही नाही बरं का. आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाचा बघा. आमचं ऐकून त्यांनी साफ करून घेतला, पेस्ट बदलली, तरी गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत बंद. वही सुरू केली तर आकडा जेमतेम ७५! म्हणजे तापलेलाच नाही. लेकीनं नीट बघितलं तर वायर लावलेली असूनही बॅटरीची टक्केवारी उतरत होती. ऐंशी, साठ, तीस आणि खलास. मूळ अ‍ॅडॉप्टर १८० वॉटचा होता. तो बिघडल्यावर त्यानं बाजारातून कमी वॉटचा, पण पिन बसणारा दुसरा आणला होता. अभ्यासापुरता तो पुरायचा. गेमला वीज कमी पडली की उरलेली बॅटरीतून जायची आणि बॅटरी संपली की अंधार. नवा अ‍ॅडॉप्टर घेताना पिन बसते का एवढंच बघू नका. जुन्यावर छापलेले व्होल्ट तेच हवेत आणि वॉट तेवढे किंवा जास्त हवेत. गेम न लावताच, थंड असतानाही अवचित बंद पडत असेल तर एक्स्टेंशन बोर्डची सैल पिन, बॅटरी आणि मग कुठे बोर्ड, अशा क्रमानं शंका घ्यायची.

बॅटरीचं एक सांगितलंच पाहिजे. लॅपटॉपचं बूड फुगलंय, टचपॅड वर उचललं गेलंय, झाकण नीट लागत नाही, असं दिसलं तर तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ही फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. २००६ साली डेल कंपनीनं सोनीचे सेल असलेल्या एकेचाळीस लाख लॅपटॉप बॅटऱ्या आग लागण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. घरातला एखादा फुगलेला सेल काही बातमीत येत नाही, पण गच्चीवरच्या खोलीत पोर एकटी झोपलेली असते.

आणि कृपा करून तापलेला लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवू नका! हसू नका, भिशीतल्या एकीच्या पुतण्यानं ठेवला होता. गरम वस्तू थंडीत गेली आणि पुन्हा बाहेर आली की आत दव धरतं आणि मग खरंच बोर्ड जातो. पाण्याच्या कूलरसमोर अगदी तोंडाशी ठेवणंही नको, तुषार उडतात. कूलर खोलीत असू दे, पण लॅपटॉप त्याच्या झोताच्या बाहेर.

दुरुस्तीला टाकताना दुकानदाराला तीन गोष्टी मी आता विचारतेच. बिघाड नेमका कशावरून ठरवला, तपासणीचे पैसे वेगळे किती आणि काढलेला जुना भाग परत देणार का? उत्तर न देता नुसता मोठा आकडा सांगितला तर दुसऱ्याचं मत घ्यायचं, डॉक्टरकडे घेतो तसं. कुठे फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टलही सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सेवा केंद्रं, सुट्या भागांचा तपशील द्यावा अशी कल्पना आहे. पावती मात्र हवी. पावतीशिवाय कोणतीच खिडकी उघडत नाही, हे पतसंस्थेतल्या बाईचं ऐका.

लेकीचं सबमिशन वेळेत झालं. डाळिंबाची पानं ओळखताना प्रोग्रॅम अधूनमधून चुकतो, त्याबद्दल सर तिला बोलले, ते वेगळं. गेल्या दिवाळीत तिनं स्वतः लॅपटॉप उघडून साफ केला. मी शेजारी बॅटरी धरून बसले होते. पंखा पुसून झाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा. एक स्क्रू कुठे दिसेना, तो शेवटी जिऱ्याच्या वाटीच्या तळाला चिकटलेला सापडला. तो मसाल्याचा डबा मी पुन्हा स्वयंपाकघरात नेलेला नाही. तो तिच्या टेबलावरच असतो, बाजारातून मी नवा आणला.